पंगत आणि पिझ्झा

आपल्या बखरींत लढायांचीं वर्णनें विपुल आहेत. तह, वतनें, जहागिरीचे तंटे यांचीही त्यांत उणीव नाहीं. पण लढाईस निघालेला मनुष्य वाटेंत काय जेवला, कोणाच्या हातचें जेवला आणि कोणाशेजारीं बसून जेवला, हें सांगण्याची बखरकारास सहसा गरज वाटली नाहीं. तें त्याच्या वाचकांस ठाऊकच होतें. ज्या गोष्टी सर्वांस ठाऊक असतात त्या लिहून ठेवल्या जात नाहींत, आणि लिहून न ठेवलेल्या गोष्टी दोन पिढ्यांत नाहींशा होतात. जेवणाचा इतिहास हा असा नाहींसा होणारा इतिहास आहे. तो पाकक्रियेपुरता असता तर त्याची हळहळ वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या समाजांत ‘काय जेवलांत?’ यापेक्षां ‘कोणाबरोबर जेवलांत?’ हा प्रश्न शतकानुशतकें अधिक जिव्हाळ्याचा ठरला, त्या समाजाचा खरा इतिहास दरबाराइतकाच पंगतींतही शोधला पाहिजे.

हा विचार सुचण्यास निमित्त झालें तें पिझ्झा नांवाच्या पदार्थाचें. हा पदार्थ आतां मुंबई-पुण्याच्या हद्दी ओलांडून तालुक्याच्या गांवीं आणि हमरस्त्यावरील नाक्यांवर येऊन पोहोंचला आहे. सोलापूर जिल्ह्यांतील माढें तालुक्याच्या टेंभुर्णीस तो मिळतो, हें ऐकून आमच्या स्नेहमंडळींत दोन तट पडले. एकांस ही प्रगतीची खूण वाटली. दुसऱ्यांस संस्कृतीच्या ऱ्हासाची. दोहोंनींही पदार्थाची चव पाहिलेली नव्हती, ही गोष्ट वादाच्या भरांत कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. इतिहासाच्या अध्यापकानें अशा वादांत पडण्यापूर्वीं पुरावा पाहावा, हा त्याचा धर्म आहे. प्रस्तुत लेखकानें तो पुरावा टेंभुर्णीच्याच एका साध्या उपाहारगृहांत, दुपारच्या जेवणाच्या वेळीं, ताटलींत घेऊन तपासला. त्यावरून जें सुचलें तें येथें मांडीत आहें.

प्रथम स्थळाविषयीं. टेंभुर्णी हें झाडाचें नांव. ज्याच्या पानांच्या विड्या वळल्या जातात तें हें झाड, आणि विड्या वळण्याचा धंदा सोलापूर शहरांतील सहस्रावधि स्त्रियांच्या उपजीविकेचें साधन. पुण्याहून सोलापुरास जातांना इंदापूर मागें पडलें व भीमेचें पात्र ओलांडलें कीं टेंभुर्णी येते. येथें पुणें-सोलापूर हमरस्त्यास करमाळ्याकडून नगरची वाट मिळते. एक फांटा कुर्डुवाडी व बार्शीवरून लातुराकडे जातो आणि दुसरा पंढरपुराकडे. उजनीचें धरण अगदीं जवळ आहे. १९८० सालीं तें पुरें झालें व त्याच्या पाण्यानें या अवर्षणग्रस्त मुलखाचा कांहीं भाग उसानें हिरवा झाला. साखर कारखाने आले, औद्योगिक वसाहत आली, आणि त्यांच्या मागोमाग ज्यास हातीं थोडा पैसा व थोडा वेळ आहे असा गिऱ्हाईक आला. जेथें चार वाटा मिळतात तेथें खाण्याचीं दुकानें निघावयाचींच. पण तीं निघालीं म्हणजे तेथें कोणीही येऊन बसावें, ही गोष्ट मात्र आपोआप घडलेली नाहीं. त्याचा विचार पुढें करूं.

या प्रदेशाचें अन्न म्हणजे ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतील ज्वारीचा लौकिक एवढा कीं तिला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालें आहे. ‘मालदांडी ३५-१’ हा सर्वत्र पसरलेला वाण याच जिल्ह्यांतील मोहोळच्या संशोधनाचें फळ होय. सोलापूरची कडक भाकरी ही प्रवाशाच्या सोयीसाठींच जणूं निर्माण झाली आहे. ती वाळवून ठेवली तर कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगाचटणीची पुरचुंडी असली कीं वाटेंत कोणाच्या दाराशीं जाण्याचें कारण उरत नाहीं. शिदोरी ही नुसती पोटाची सोय नव्हती. ती विटाळाच्या भयापासून संरक्षणही होती. आपलें अन्न आपल्या फडक्यांत असलें म्हणजे दुसऱ्याच्या चुलीचा प्रश्नच मिटला. धर्मशाळा होत्या, पण तेथें उतारू आपापली चूल मांडीत, आणि त्या चुलींमधील अंतर मनांतील अंतराएवढेंच असे.

आतां पदार्थाविषयीं. पिझ्झा हा शब्द फार जुना आहे. इटलींतील गाएता येथील इ. स. ९९७च्या एका दस्तऐवजांत तो आढळतो. तेथील धर्माध्यक्षास नाताळास व ईस्टरास प्रत्येकीं बारा पिझ्झे देण्याचा त्यांत करार आहे. हक्काच्या उत्पन्नांत खाद्यपदार्थ लिहून घेण्याची ही रीत आपल्या बलुत्यांच्या व देवस्थानांच्या कागदपत्रांशीं परिचित असणारास नवी वाटणार नाहीं. त्या काळचा पिझ्झा म्हणजे एक चपटी भाजलेली पोळी, एवढेंच समजावें. त्यावर टोमॅटो असणें शक्यच नव्हतें. कारण टोमॅटो ही वनस्पति अमेरिकेची, आणि अमेरिकेचा शोध त्यानंतर पांचशें वर्षांनीं लागला. सोळाव्या शतकाच्या मध्यास टोमॅटो इटलींत पोहोंचला. परंतु बराच काळ लोक त्याकडे संशयानेंच पाहात. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्स येथें छापलेल्या एका पाकग्रंथांत त्याचें तोंडीलावणें सांगितलें आहे, तेव्हां कोठें तो स्वयंपाकघरांत रुळूं लागल्याचें दिसतें.

नेपल्स हें त्या काळीं यूरोपांतील अत्यंत दाट वस्तीच्या शहरांपैकीं एक होतें. तेथील हमाल, कोळी व रोजगारी यांस चूल मांडण्यापुरतीही जागा नसे. त्यांच्यासाठीं फेरीवाले गल्लोगल्लीं पिझ्झा विकीत. फ्रेंच कादंबरीकार आलेक्सांद्र द्यूमा यानें १८४३ च्या आपल्या प्रवासवर्णनांत लिहिलें आहे कीं नेपल्सचा गरीब मनुष्य हिंवाळ्यांत पिझ्झ्यावर व उन्हाळ्यांत कलिंगडावर राहतो. १८८४ सालीं, ज्या वर्षीं त्या शहरांत पटकीनें थैमान घातलें त्याच वर्षीं, मातील्दे सेराओ या लेखिकेनें नेपल्सच्या दारिद्र्याचें चित्र काढिलें. त्यांतही हा पदार्थ गरिबाचें दुपारचें खाणें म्हणूनच येतो. १८८९त राणी मार्गेरीता हिच्यासाठीं राफाएले एस्पोसितो यानें इटलीच्या निशाणाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, ही कथा सर्वतोमुखीं आहे. तिच्या पुराव्याविषयीं संशोधकांनीं शंका घेतलेल्या आहेत. पण कथा खरी असो वा नसो, ती प्रचलित कां झाली हें सहज समजतें. गरिबाच्या अन्नास राणीचा हात लागल्याशिवाय प्रतिष्ठा मिळत नाहीं, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

पुढील प्रवास पोट भरण्यासाठीं देश सोडणाऱ्या लोकांबरोबर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं व विसाव्याच्या आरंभीं दक्षिण इटलींतील लक्षावधि लोक अमेरिकेस गेले आणि जातांना आपली पोळी घेऊन गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ती तेथील सर्व समाजाची झाली. १९५८त कॅन्सस संस्थानांत ‘पिझ्झा हट’ आणि १९६०त मिशिगनमध्यें ‘डॉमिनोज’ हीं दुकानें निघालीं, व त्यांच्या शाखांचें जाळें जगभर पसरलें. या दोन्ही नांवांचीं दुकानें भारतांत १९९६ सालीं आलीं. म्हणजे आपल्याकडे आलेला पिझ्झा हा नेपल्सहून थेट आलेला नव्हे. तो अमेरिकेस वळसा घालून, व्यापाराचा पोषाख चढवून आला. आणि २०१७त युनेस्कोनें नेपल्सच्या पिझ्झा करणारांची कला मानवजातीच्या वारशांत गणली, तेव्हां त्या कोळ्या-हमालांच्या पोळीचा मान पूर्ण झाला.

या इतिहासांतील मुख्य गोष्ट अशी कीं पिझ्झा व भाकरी यांचें कुळ एकच. दोन्ही कष्टकऱ्याच्या हातावर मावणाऱ्या, दोन्ही ताटावांचून खातां येणाऱ्या. भाकरीवर ठेचा, चटणी किंवा झुणका ठेवून बांधावर बसून जेवणारा शेतकरी आणि पिझ्झा दुमडून उभ्या उभ्या खाणारा नेपल्सचा हमाल हे एकमेकांस पाहते तर एकमेकांच्या जेवणांत त्यांस फारसें परकें कांहीं दिसलें नसतें.

‘पण तो परदेशी आहे’, असा आक्षेप येतो. हा आक्षेप आपल्या ताटावरच तपासून पाहावा. ज्या शेंगाचटणीचा सोलापुरास एवढा अभिमान, तिच्यांतील भुईमूग दक्षिण अमेरिकेंतला आणि मिरचीही अमेरिकेंतलीच; दोन्ही पोर्तुगीजांच्या काळानंतर आपल्याकडे आल्या. याहून मौजेचें उदाहरण उपवासाचें. आषाढी एकादशीस पंढरपुरीं जमलेले लक्षावधि भाविक फराळास साबुदाण्याची खिचडी घेतात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेचा. त्यांतील दाण्याचें कूट, बटाटा व मिरची हींही अमेरिकेचीं. गहूं-ज्वारी या दिवशीं वर्ज्य, आणि कोलंबसाच्या पूर्वीं या देशांत कोणीं पाहिलेलेंही नव्हतें तें सर्व पवित्र! याचा अर्थ आपल्या पूर्वजांनीं धर्म सोडला असा नव्हे. त्यांनीं परकें अन्न इतकें आपलेंसें केलें कीं त्याचें परकेपण विसरूनच गेले. जो समाज साबुदाण्यास उपवासांत बसवूं शकतो त्यानें पिझ्झ्यास परका म्हणून हाकलणें तर्कास धरून नाहीं.

आतां प्रत्यक्ष चवीविषयीं प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पुढें आलेला पिझ्झा मैद्याचा होता. जाड, मऊ, कडेला थोडा कुरकुरीत. वर टोमॅटोचा गोडसर रस, ढोबळी मिरची, कांदा, मक्याचे दाणे, पनीराचे तुकडे आणि या सर्वांस बांधून टाकणारें वितळलेलें चीज. सोबत ओरेगानो नांवाच्या वाळलेल्या पाल्याची व कुटलेल्या लाल मिरचीची पुडी. गरम असतांना तो सुखकारक लागतो. चीजाचा स्निग्धपणा व टोमॅटोचें आंबटपण यांचा मेळ चांगला आहे. त्याचें जगभर स्वागत कां झालें हें दुसऱ्या घांसास कळतें. चौथ्या घांसापासून मात्र मैद्याची मूकता जाणवूं लागते. ज्वारीस स्वतःची चव आहे, बाजरीस आहे; मैद्यास चव नाहीं, त्यास केवळ अंग आहे. अर्धा पिझ्झा होईतों मीं ती मिरचीची पुडी संपविली, आणि शेजारच्या मेजावरील मंडळींनीं तर ठेचा मागवून घेतला. हा ठेचा म्हणजे सोलापूरची स्वाक्षरी होय.

एक विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. नेपल्सच्या परिसरांतील उत्तम मोझरेला चीज म्हशीच्या दुधाचें करतात. आणि तरवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस ही तर याच जिल्ह्याची नामांकित जात. दूध नासवून टिकविण्याची कला आपल्याकडे फारशी वाढली नाहीं. दहीं, ताक, चक्का, तूप, खवा येथपर्यंतच आपण थांबलों. ज्या दुधाचा येथें पूर आहे त्याचेंच उत्तम चीज टेंभुर्णीच्या परिसरांत होऊं लागलें, तर हा पाहुणा घरचा होण्यास किती काळ लागेल?

परंतु त्या दुपारीं माझें लक्ष ताटलीपेक्षां मेजांकडे अधिक होतें. एका मेजावर उसाच्या शेतीचें काम आटोपून आलेलें कुटुंब होतें. नऊवारी नेसलेली आजी नातवाच्या ताटलींतला तुकडा चाखून पाहात होती. दुसऱ्यावर मालमोटारीचे दोघे चालक. तिसऱ्यावर कॉलेजांतील चार मुली, पुस्तकांच्या पिशव्या खुर्चीस अडकविलेल्या, कोणाच्याही सोबतीवांचून आलेल्या. चौथ्यावर पंढरपुराहून परतणारें, कपाळास बुक्का लावलेलें एक जोडपें. कोणीं कोणास नांव विचारलें नाहीं, आडनांव विचारलें नाहीं, गांवकुसाच्या आंतले कीं बाहेरचे हें विचारलें नाहीं. आंत कोण रांधीत होतें, कणीक कोणाच्या हातची होती, हें जाणण्याची कोणास इच्छा दिसली नाहीं. ताटल्या एकाच हौदांत धुतल्या जात होत्या. या दृश्यांत आज कोणास कांहींच विशेष वाटत नाहीं. इतिहासाच्या विद्यार्थ्यास वाटलें पाहिजे.

कारण हें मेज मांडावयास महाराष्ट्रास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं आहेत. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका सभेनंतर चहा-बिस्किटें देण्यांत आलीं. निमंत्रितांत न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले अशीं मंडळी होती. कोणीं चहा घेतला, कोणीं पेला नुसता ओठांस लावला, कोणीं तसाच ठेवला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून दिलीं आणि सारें पुणें पेटलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, बहिष्काराच्या धमक्या झाल्या. टिळकांनीं काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला दिला. रानड्यांनींही पुढें मित्रांसाठीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यावरून सुधारकांतही त्यांस दूषण लागलें. राज्य हातचें जाऊन सत्तर वर्षें होऊन गेलीं होतीं; तरीही एका पेलाभर चहानें देशांतील अग्रगण्य बुद्धिमंतांस वर्षा-दोन वर्षें गुंतवून ठेविलें. हा प्रसंग वाचून आपण हंसतों. पण ज्यांच्या घरीं या प्रकरणानंतर श्राद्धास ब्राह्मण मिळेना व मुलींचीं लग्नें अडलीं, त्यांस हंसूं येत नव्हतें.

आणि हा तर वरिष्ठांचा वाद. जे पंगतीच्या बाहेरच होते त्यांची कथा निराळी. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे या गृहस्थांस पाण्याच्या हौदास स्पर्श केल्याबद्दल मार खावा लागला, तेव्हां शाहू महाराजांनीं त्यांस चहाचें दुकान घालण्यास साहाय्य केलें आणि आपली गाडी त्या दुकानापुढें थांबवून, बरोबरच्या मंडळींसह, स्वतः तेथें चहा घेतला. राजाज्ञेनें जें होत नाहीं तें राजानें पेला हातीं धरल्यानें होतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. १९२३त सी. के. बोले यांनीं मुंबई कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याचा ठराव मंजूर करविला. तो कागदावर राहिला म्हणून १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्यावर जावें लागलें. १९३० नंतरच्या काळांत रत्नागिरीस सहभोजनें झालीं. अनंत हरी गद्रे यांनीं तर सत्यनारायणाच्या प्रसादास झुणका-भाकरीची जोड दिली, पूजेस दलित दांपत्य बसविलें आणि सर्वांस एकत्र जेवावयास लाविलें. ज्या झुणका-भाकरीच्या नांवानें आज पिझ्झ्याचा निषेध होतो, तीच त्या काळीं अनेकांस अशी धर्मबुडवी वाटली होती, हें विसरूं नये.

टेंभुर्णीहून पंढरपूर दूर नाहीं. तेथें काल्याच्या दिवशीं गोपाळपुरास वारकरी एकमेकांस लाह्या-दह्याचा घांस भरवितात. तेवढ्या क्षणापुरती जात गळून पडते, अशी त्या संप्रदायाची भावना. पण त्याच पंढरींत चोखोबाची समाधि पायरीपाशीं होती आणि त्याच्या वंशजांस दार बंद होतें. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं दहा दिवस प्राण पणास लाविले, तेव्हां तें दार उघडलें. त्यानंतर तीन वर्षांच्या आंत, २६ जानेवारी १९५० रोजीं, जी राज्यघटना अंमलांत आली तिच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व खाणावळी यांचा स्पष्ट उल्लेख करून सांगितलें आहे कीं धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथें कोणास मज्जाव करतां येणार नाहीं. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या घटनेंत खाणावळींचा उल्लेख कां यावा, असा प्रश्न परकीयास पडेल. आपणांस पडूं नये.

घटना झाली म्हणजे कपबशी एक झाली असें मात्र नव्हे. १९५५त अस्पृश्यतेस शिक्षा सांगणारा कायदा करावा लागला, आणि त्यानंतरही खेडोपाडीं हॉटेलाच्या छपरास किंवा कुडास खोंचून ठेवलेली निराळी कपबशी कित्येक वर्षें तशीच राहिली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ या १९८४ च्या आत्मकथनांत चहाच्या दुकानांतील अशा वेगळ्या कपबशीचा प्रसंग आहे. आणि तें आत्मकथन याच सोलापूर जिल्ह्यांतलें आहे. म्हणजे ज्या पिढीनें त्या कपबशींतून चहा घेतला, व ज्या पिढीनें ती वेगळी ठेविली, त्या दोन्ही आज हयात आहेत. त्यांचे नातू टेंभुर्णीच्या नाक्यावर एकाच मेजावर बसत असतील.

हें श्रेय पिझ्झ्याचें आहे काय? नाहीं. हें काम त्यापूर्वीं अनेकांनीं केलें. मुंबई-पुण्याच्या इराण्यांनीं संगमरवरी मेजावर सर्वांस सारखाच पेला दिला. मुंबईंतील कियानी १९०४ चें, पुण्याचें गुडलक १९३५ चें. गिरणगांवांतील खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांनीं सहस्रावधि कामगारांस घांस घातला, व १९७५त प्रेमा पुरव यांनीं त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभारली. उडुप्यांनीं इडली-डोसा आणला. पण पिझ्झ्याचा एक विशेष आहे. ज्या पदार्थास आपल्याकडे पूर्वेतिहास नाहीं त्यास सोंवळें-ओंवळेंही नाहीं. भात कोणाच्या हातचा चालतो, तळलेलें कोणाचें चालतें, पाणी कोणाचें चालत नाहीं, याचे बारीक नियम शास्त्रानें व रूढीनें ठरविले होते. पिझ्झ्याविषयीं कोणत्याही स्मृतींत नियम नाहीं. तो कोणत्याच जातीचा पदार्थ नसल्यामुळें सर्वांस मोकळेपणानें मागतां येतो. नव्या अन्नाची ही सोय लहान समजूं नये. चहानेंही हेंच कार्य केलें, आणि म्हणूनच त्याच्यावर प्रथम एवढा रोष झाला.

तथापि चित्राची दुसरी बाजू दृष्टीआड करणें अप्रामाणिकपणाचें होईल. जातीनें मोकळें केलेलें आसन पैसा बळकावूं शकतो. १९९५त महाराष्ट्र सरकारनें एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढिली. पुढील वर्षीं परदेशी पिझ्झ्याचीं दुकानें देशांत आलीं. पहिली योजना कांहीं वर्षांत बंद पडली, दुसरा व्यापार वाढत गेला. ज्या शेतमजुराची दिवसाची मजुरी एका पिझ्झ्याच्या बिलांत सहज जिरेल, त्यास त्या उपाहारगृहाच्या दारावर कोणी अडवीत नाहीं हें खरें. पण तो दाराशीं येतच नाहीं. घटनेच्या पंधराव्या कलमांत ‘किंमत’ हा शब्द नाहीं.

आणि ज्वारीचें काय? १९७२ च्या दुष्काळांत या भागांतील माणसांनीं खडी फोडून मजुरी केली, सुकडी खाल्ली, आणि अमेरिकेहून आलेल्या मिलो नांवाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी गिळल्या. त्या आठवणीनें अजूनही वृद्धांचीं तोंडें कडू होतात. त्यानंतर पाणी आलें, ऊस आला, आणि जेथें जेथें ऊस आला तेथें ज्वारी मागें सरली. आतां मैदा आला आहे. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. शहरांतील श्रीमंतांच्या ताटांत भाकरी प्रतिष्ठेनें परतत आहे आणि तिच्या जन्मभूमींत मुलांस ती गरिबीची खूण वाटूं लागली आहे. नेपल्सच्या गरिबाचें अन्न येथें येऊन श्रीमंती होतें, आणि येथील गरिबाचें अन्न शहरांत जाऊन श्रीमंती होतें. जेथें तें पिकतें तेथें मात्र त्याची किंमत राहात नाहीं. भय पिझ्झ्याचें नाहीं, या विस्मृतीचें आहे. मुलानें पिझ्झा खावा. पण आपल्या शेतांतील ज्वारीची लाज वाटावी अशा रीतीनें खाऊं नये.

म्हणून ज्यांस ऱ्हासाची चिंता वाटते त्यांस, आणि ज्यांस प्रगतीचा आनंद होतो त्यांसही, माझी एकच विनंती आहे. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, मोडनिंब, बार्शी या पेठांतून ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांस बाजाराच्या दिवशींचें हॉटेल आठवतें, त्यांस जाऊन भेटावें. चहा कोणास आंत मिळे व कोणास बाहेर, कपबशी कोण विसळी, बाई मनुष्य आंत बसे काय, रेल्वेच्या प्रवासांत पाणी कोणाचें घेत, पहिल्यांदा दुसऱ्या जातीच्या माणसाशेजारीं बसून जेवले तो दिवस कोणता व त्या रात्रीं घरीं काय झालें, हें सर्व विचारून लिहून ठेवावें. आमच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांस मीं या सुटींत हेंच काम दिलें आहे. पहिल्या दोन वह्या आल्या आहेत. त्यांतील एकींत एका आजोबांनीं सांगितलें आहे कीं छपरास खोंचलेली आपली कपबशी कोणती हें ओळखतां यावें म्हणून तिच्या कानावर त्यांनीं चुन्याचा ठिपका दिला होता. हा ठिपका कोणत्याही बखरींत सांपडणार नाहीं, आणि दहा वर्षांनीं तो सांगणाराही कोणी उरणार नाहीं.